आधी म्युरेन, मग तिकीट: ट्रेन आणि केबल कारने आल्प्समधला एक दिवस

दर मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या आमच्या बर्नच्या घरी पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून कोणी ना कोणी येतं. पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन प्रश्न येतो, "बर्फाच्या डोंगरावर कधी जायचं? तिकिटं आत्ताच काढून टाकू या ना, गर्दी असते म्हणे." सुरुवातीची काही वर्षं मीही "हो, काढून टाकू" म्हणायचे. मग एका जुलैत सासूबाई-सासऱ्यांसह चार जणांची माथ्यापर्यंतची तिकिटं तीन दिवस आधी काढली, आणि वर जाऊन चौघांनी मिळून एक ढग बघितला. पावसाळ्यात महाबळेश्वरला आर्थर सीटच्या कठड्याला टेकून पांढरा पडदा बघितलेल्यांना ते दृश्य ओळखीचं आहे. फरक एवढाच की तिथे तो फुकट दिसतो.

तेव्हापासून पाहुण्यांना मी एकच मार्ग सुचवते: इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन, तिथून म्युरेन, आणि हवा चांगली असेल तर पुढे शिल्टहॉर्नचं शिखर. यात ट्रेन आहे, केबल कार आहे, पुन्हा एक छोटी ट्रेन आहे आणि वर आणखी दोन केबल कार आहेत. पण तो मला आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. खर्चाचा मोठा निर्णय इथे अगदी शेवटपर्यंत लांबवता येतो. म्युरेन गावात उभं राहायचं, मान वर करायची आणि मग ठरवायचं. माथ्यावर ढग असले तरी म्युरेनपर्यंतचा दिवस वाया जात नाही. युंगफ्राऊयोख किंवा टिटलिसला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिथे मोठं तिकीट सहसा पायथ्याशीच काढलं जातं.

उंचीचा अंदाज घ्यायचा तर आपला कळसूबाई आठवा. त्याची उंची १,६४६ मीटर. म्युरेनचं रेल्वे स्टेशन सुमारे १,६४० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर जिथे संपतं, साधारण त्याच उंचीवर इथे गाव आहे. त्या गावात शाळा, किराणा दुकान, हॉटेलं सगळं आहे. गाड्यांना मात्र बंदी, माथेरानसारखी. शिल्टहॉर्नचा माथा त्याच्याही वर, २,९७० मीटरवर.

आठ शब्द पाठ करा

या भागात जर्मन चालतं. तिकीट खिडकीवर इंग्रजी समजतं, पण पाट्या जर्मनमध्ये असतात आणि घाईच्या वेळी भाषांतराचं ॲप उघडायला सवड नसते. 'ग्लाइस' म्हणजे फलाट. 'आबफार्ट' म्हणजे सुटण्याची वेळ. 'बेर्गफार्ट' म्हणजे वर जाणारी फेरी, 'टालफार्ट' म्हणजे खाली येणारी. 'लुफ्टझाइलबान' म्हणजे तारेवर लटकून जाणारी केबल कार आणि 'श्टांडझाइलबान' म्हणजे दोराने ओढली जाणारी, रुळांवरून चढणारी गाडी. 'रेव्हिजिओन' दिसलं की समजायचं, देखभालीसाठी बंद. हा शब्द विशेषतः एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये दिसतो, कारण बहुतेक केबल कार कंपन्या मधल्या हंगामात काही दिवस बंद ठेवून दुरुस्त्या उरकतात. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या मराठी कुटुंबांनी तारखा आधी बघाव्यात.

आठवा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'लेत्स्टं'. 'लेत्स्टं टालफार्ट' म्हणजे खाली जाणारी शेवटची फेरी. ही पाटी दिसेल तिथे तिचा फोटो काढून ठेवा.

पास कोणता

पाहुण्यांशी माझा सर्वांत जास्त वेळ वाद होतो तो यावर. मोटामोटी तीन पर्याय आहेत.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात ट्रेन, बस, बोट सगळं येतं. आपल्या मार्गापुरतं बोलायचं तर इंटरलाकेन ते म्युरेन हा पूर्ण प्रवास या पासात बसतो, केबल कार धरून. म्युरेनच्या पुढे शिल्टहॉर्नपर्यंत अर्धं तिकीट लागतं. म्हणून तर मी म्हणते, हा पास असेल तर म्युरेनला पोहोचेपर्यंत तुमच्या खिशातून त्या दिवशी एक फ्रँकही गेलेला नसतो.

दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड. पर्यटकांसाठीचं हे कार्ड महिनाभर चालतं आणि जवळजवळ सगळ्या प्रवासावर निम्मी सूट देतं. रोज नव्या शहरात मुक्काम हलवणाऱ्यांना ट्रॅव्हल पास परवडतो. एकाच गावात आठवडाभर राहून दोन-तीन डोंगर करणाऱ्यांना बहुतेक वेळा हाफ फेअर कार्ड स्वस्त पडतं. कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बेरीज करा. 'सगळे घेतात म्हणून' पास घेऊ नका.

तिसरा, सेव्हर डे पास. हा एका ठरावीक तारखेचा असतो, जितका लवकर घ्याल तितका स्वस्त, आणि परत करता येत नाही. शहरं बघायला छान आहे. डोंगराच्या दिवसासाठी मला तो नको वाटतो, कारण तारीख महिनाभर आधी ठरते आणि हवा त्या सकाळी.

काहीच पास नसेल तर इंटरलाकेन ते शिल्टहॉर्न जाऊन-येऊन एका माणसाचे शंभर फ्रँकच्या वर जातात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ६ ते १६ वयाची मुलं, आई किंवा वडिलांकडे ट्रॅव्हल पास असेल तर फॅमिली कार्डवर मोफत प्रवास करतात. हे कार्डही मोफतच असतं, मात्र ते मागून घ्यावं लागतं. मुलांची तिकिटं काढून मोकळे झालेले पालक मी बघितले आहेत.

पास नावावर असतो, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. आणि एक सवय मोडा: इथे स्टेशनवर शिरताना कोणी अडवत नाही, फाटक नाही, टीसी दारात उभा नाही. याचा अर्थ तपासणी होत नाही असा नाही. ती गाडीत होते, विनातिकीट सापडलात तर दंड जबर असतो आणि 'गाडीत काढणार होतो' हे कारण चालत नाही.

आदल्या रात्री

स्विस रेल्वेचं एसबीबी मोबाइल हे ॲप उतरवून घ्या. त्यात 'इंटरलाकेन ओस्ट ते म्युरेन' टाकलं की गाडी, फलाट, बदलायची जागा, अगदी चालायची मिनिटंसुद्धा दिसतात. केबल कारही वेळापत्रकात असते. आपल्याकडे रोपवे म्हणजे वेगळी सहल. इथे तो लोकलचाच पुढचा टप्पा. हवामानासाठी मेटिओस्विस हे सरकारी ॲप पुरेसं आहे. भारतातून 'युरोप'चं सिमकार्ड घेऊन आलात तर त्यात स्वित्झर्लंड आहे ना हे तपासा. हा देश युरोपियन युनियनमध्ये नाही, आणि काही स्वस्त पॅकमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

वेळेचं गणित उलटं मांडा. सकाळी किती वाजता निघायचं ते नंतर, आधी माथ्यावरून खाली येणारी शेवटची फेरी किती वाजता आहे ते बघा. शेवटची कर्जत चुकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्युरेन हे राहतं गाव असल्यामुळे तिथून खाली यायची सोय रात्री उशिरापर्यंत असते. माथा मात्र संध्याकाळीच बंद होतो, आणि तो वेळ ऋतूप्रमाणे बदलतो. शेवटच्या फेरीच्या दीड तास आधी वरून निघायचं असं मनात धरून मागे मोजत या.

कपडे: इंटरलाकेन ओस्ट ५६७ मीटरवर, माथा २,९७० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. म्हणजे खाली २५ अंशांत टी-शर्टवर फिरत असाल तर वर ९-१० अंश, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटणार. एकच जाडजूड कोट आणण्यापेक्षा पातळ थर चढवा: बनियन, पूर्ण बाह्यांचं काही, स्वेटर, वारा अडवणारं जर्किन. गॉगल आणि सनस्क्रीन चैन नाही, बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन तासाभरात नाक सोलतं. पायात बूट. एका काकांनी कोल्हापुरी घालून यायचा हट्ट धरला होता. जूनमध्येही वर बर्फाचे पट्टे असतात, त्यामुळे काका दिवसभर उपाहारगृहातच बसले. तिथली कॉफी त्यांना आवडली, हे आमचं नशीब.

खाणं: डोंगरावरच्या हॉटेलात चौघांचं जेवण म्हणजे एका तिकिटाइतका खर्च. डबा न्या, इथे कोणी नाक मुरडत नाही. स्विस लोक स्वतः बाकावर बसून पाव-चीज खातात. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनसमोर कोऑपचं मोठं दुकान आहे, म्युरेनमध्येही छोटं आहे. मात्र रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच घेऊन ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी या हवेत दोन दिवस आरामात टिकते. घरून आणणार असाल तर लक्षात ठेवा, भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ या देशात आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि तुपाची बरणी सोडून या. वरती विकत खायचंच झालं तर शाकाहारींसाठी रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठ म्हणा, हा बरा पर्याय. फक्त 'श्पेक' आहे का विचारा, ते डुकराचं मांस असतं आणि मेनूत ते ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. पाण्याची बाटली रिकामी न्या. गावातल्या दगडी कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं. 'काइन ट्रिंकवासर' लिहिलं असेल तिथे पिऊ नका.

सकाळी खिडकी नाही, कॅमेरा बघा

उठल्यावर खिडकीबाहेर बघून 'आज ढगाळ आहे, राहू दे' म्हणणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात गार हवा आणि धुकं दरीत साचून राहतं आणि वर लख्ख ऊन असतं. इथले लोक त्याला धुक्याचा समुद्र म्हणतात, आणि वरून तो खरंच तसा दिसतो. उलटंही होतं: इंटरलाकेनला ऊन, माथा ढगात. म्हणून शिल्टहॉर्नच्या संकेतस्थळावरचे थेट कॅमेरे बघा. म्युरेन, मधलं ठाणं बिर्ग, माथा, तिन्ही ठिकाणचे. बऱ्याच हॉटेलांत टीव्हीवरही सकाळी एक चॅनेल फक्त डोंगरांवरचे कॅमेरे फिरवून दाखवत असतं, पार्श्वभूमीला संगीत लावून.

दुसरी गोष्ट वारा. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा कोरडा, उबदार वारा, ज्याला इथे 'फ्योन' म्हणतात, आकाश अगदी स्वच्छ करतो आणि केबल कार बंद पाडतो. निळंशार आकाश आणि बंद फाटक हा त्याचा खास विनोद. संकेतस्थळावर त्या क्षणाची स्थिती दिलेली असते.

किती वाजता निघावं? उन्हाळ्यात दुपारी डोंगरांवर ढग चढतात, म्हणून सकाळ बरी. पण आयगर, म्योंख, युंगफ्राऊ हे शिखरांचं त्रिकूट शिल्टहॉर्नच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी फोटोत सूर्य समोर येतो आणि डोंगर काळे पडतात. मी तरीही सकाळीच नेते. दिसलेला काळा डोंगर न दिसलेल्या सोनेरी डोंगरापेक्षा बरा. आठच्या आसपासची गाडी धरा.

इंटरलाकेन ओस्ट: डबा बघून चढा

झुरिककडून येत असाल तर दोन तास, बर्नकडून साधारण पाऊण-एक तास, ल्युत्सर्नहून ब्रुनिग घाटाच्या सुंदर मार्गाने दोनेक तास. बर्नकडून येणारी गाडी आधी इंटरलाकेन वेस्टला थांबते. तिथे उतरू नका, ओस्ट हे शेवटचं स्टेशन.

ओस्टहून डोंगरात जाणारी गाडी दर अर्ध्या तासाला असते. आणि इथे एक गंमत आहे. कल्याणला एकच लोकल मधोमध तुटून अर्धी कसाऱ्याला आणि अर्धी कर्जतला गेली तर कसं होईल, तसं ही गाडी त्स्वाइल्युटशिनेन या स्टेशनवर करते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर ए, बी, सी अशा विभागांच्या पाट्या असतात आणि कुठला विभाग कुठे जाणार ते सूचनाफलकावर दिसतं. डब्यावरही गावाचं नाव असतं. ते वाचूनच चढा. माझ्या पहिल्या वर्षी मी आतून छान खिडकी दिसली म्हणून चढले, आणि समोर दरीऐवजी आयगरची भिंत यायला लागल्यावर कळलं की आपण ग्रिंडेलवाल्डला चाललोय. चुकलंच तर घाबरू नका, गाडी सुटी होण्याआधी त्स्वाइल्युटशिनेनला उतरून डबा बदलता येतो.

वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन. गाडी दरीत शिरली की दोन्ही बाजूंना सरळ कापल्यासारखे कडे दिसतात, आणि गावाच्या मागे श्टाउबबाखचा धबधबा, जवळजवळ तीनशे मीटरचा. सह्याद्रीचे कडे बघितलेल्या माणसालाही इथे मान मोडावी लागते.

लाउटरब्रुनेन: गर्दीच्या मागे जाऊ नका

गाडीतून उतरलेली बहुतेक गर्दी शेजारच्या फलाटावरच्या हिरव्या-पिवळ्या दातेरी रुळांच्या गाडीकडे धावते. ती वेंगेन आणि क्लाइने शाइडेगला जाते. आपली केबल कार स्टेशनसमोर, रस्त्यापलीकडे आहे. पाटीवर 'ग्रुट्शाल्प' किंवा 'म्युरेन' शोधा. इथे बदलायला मिळणारी चार-पाच मिनिटं ॲपमध्ये तुटपुंजी वाटतात पण खरोखर पुरतात. सोबत आजी-आजोबा असतील तर घाई करू नका, पुढची फेरी फार लांब नसते. सामान असेल तर स्टेशनवर लॉकर आहेत.

या केबल कारमध्ये शंभर माणसं मावतात, आणि केबिनच्या पोटाखाली म्युरेन गावाचा माल लटकवलेला दिसला तर दचकू नका. गाड्या नाहीत म्हटल्यावर दूध, फर्निचर, बिअरची पिंपं सगळं असंच वर जातं. चार मिनिटांत ग्रुट्शाल्प, १,४८६ मीटर. २००६ पर्यंत इथे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी होती. उतार खचत होता म्हणून ती काढून तारेची केली.

ग्रुट्शाल्पला समोरच एक-दोन डब्यांची छोटी ट्रेन उभी असते. हा फाटा १८९१ सालचा आहे, नेरळ-माथेरानपेक्षा सोळा वर्षांनी मोठा. म्युरेनकडे जाताना डाव्या बाजूला बसा. दरी आणि बर्फाची तिन्ही शिखरं त्याच बाजूला आहेत. उजवीकडे बसलेल्यांना चौदा मिनिटं गवत आणि गाई दिसतात. गाईही चांगल्या असतात म्हणा.

म्युरेन: इथे ठरवायचं

स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि शिल्टहॉर्नच्या केबल कारचं ठाणं दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर रमतगमत पंधरा-वीस मिनिटांचं. हे चालणं टाळता येण्यासारखं नाही आणि टाळूही नये. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि समोर दरीपलीकडे ४,१५८ मीटरची युंगफ्राऊ इतकी जवळ की आवाज दिला तर ऐकेल असं वाटतं. वाटेत लोक 'ग्र्युएसेख' म्हणतात. तो बर्नकडचा नमस्कार, परत म्हणा.

जाता जाता एक माहिती: डोंगरउतारावरच्या स्कीइंग शर्यतींचं आजचं रूप ज्या गावात घडलं त्यातलं हे एक. स्लालोम शर्यतीचे नियम बसवणारे आर्नल्ड लन इथेच काम करत होते, १९३१ ची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. आणि या लनसाहेबांचा जन्म मद्रासचा.

आता केबल कारच्या ठाण्यावर पोहोचलात. आत बहुधा पडद्यावर माथ्याचा कॅमेरा चालू असतो. तो बघा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. माथा दिसतोय का? वारा शांत आहे का? आणि बरोबरच्या सगळ्यांना वर जायचंय का? तिसरा प्रश्न विसरला जातो. २,९७० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो. धडधाकट माणसाला थोडी धाप लागते, डोकं जड होतं, बाकी काही नाही. पण हृदयाचा, फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी आणि अगदी तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. एक-दोघं खाली म्युरेनमध्ये उन्हात बाकावर बसले तर त्यांचा दिवस फुकट जात नाही, उलट मला तर त्यांचाच हेवा वाटतो.

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर तिकीट काढा. पास किंवा कार्ड खिडकीवर आधी दाखवा, नंतर सूट मिळत नाही.

वर

बिर्गला, २,६७७ मीटरवर, केबल कार बदलते. जाताना तिथे रेंगाळू नका, सरळ माथ्यावर जा, बिर्ग परतीला. माथ्यावर गोल फिरणारं उपाहारगृह आहे. १९६९ च्या एका जेम्स बाँडपटाचं चित्रीकरण इथे झालं आणि अर्धवट राहिलेली ही इमारत त्या निमित्ताने पूर्ण झाली. आजही सगळीकडे बाँड आहे, अगदी स्वच्छतागृहातसुद्धा. मला त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. गच्चीवर जा. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला दूरवर माँ ब्लांसुद्धा दिसतो. तासभर पुरे.

पहिली दहा मिनिटं हळू चाला, पाणी प्या. पायऱ्या धावत चढून 'काहीच होत नाही' म्हणणारा भाचा पाचव्या मिनिटाला बाकावर बसलेला असतो.

परतीला बिर्गला उतरा. कड्याला लगटून बांधलेली दोनशे मीटरची लोखंडी वाट आहे. काही ठिकाणी पायाखाली काच, काही ठिकाणी जाळी. वेगळं तिकीट नाही. ज्यांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघायला आवडतं त्यांच्यासाठी.

वर ढग असले तर

म्युरेनहून आल्मेंडहुबेलला श्टांडझाइलबान जाते, १,९०७ मीटरपर्यंत. लहान मुलांना खेळायला मोठी जागा आणि जून-जुलैत रानफुलांची वाट आहे. किंवा ते पैसेही वाचवा आणि म्युरेनहून विंटरएगमार्गे ग्रुट्शाल्पला चालत या. रुळांच्या कडेकडेने, हलक्या उताराची, तासा-सव्वातासाची वाट. साठीच्या माणसांनाही जमते, विंटरएगला दमलात तर तिथेच ट्रेन पकडता येते, उपाहारगृहही आहे.

वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपण फोटो काढत चालतो, त्यामुळे दीडपट धरा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरी-लाल-पांढरी असेल तर ती डोंगरवाट, चांगले बूट आणि सवय हवी. पांढरी-निळी-पांढरी दिसली तर मागे फिरा. अडचण आलीच तर ११२, आणि हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या 'रेगा'चा क्रमांक १४१४.

खाली, दुसऱ्या वाटेने

आलात त्याच मार्गाने परत जाता येतं, पण मी फेरी पूर्ण करते. म्युरेनहून थेट श्टेखेलबेर्गला उतरणारी नवी केबल कार डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा चढ १५९.४ टक्के, जगातली सर्वांत तीव्र उताराची केबल कार. चार मिनिटांत दरीच्या तळाशी. पोटात गोळा येणाऱ्यांनी दरीकडे तोंड न करता डोंगराकडे तोंड करून उभं राहावं. पाय शाबूत असतील तर त्याऐवजी म्युरेनहून गिमेलवाल्डपर्यंत अर्धा-पाऊण तास उतरत चाला. म्युरेनपेक्षा शांत, खऱ्या शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथूनही श्टेखेलबेर्गला केबल कार मिळते.

श्टेखेलबेर्गहून १४१ क्रमांकाची बस लाउटरब्रुनेनला येते, पासात चालते. वाटेत ट्रुमेलबाखचा थांबा आहे. डोंगराच्या पोटात दहा धबधबे, आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी, उन्हाळ्यात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. त्याचं तिकीट वेगळं, पास चालत नाही. हिवाळ्यात बंद. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, पायऱ्या निसरड्या आणि अंगावर तुषार, जर्किन घालूनच जा. वेळ कमी असेल तर शिल्टहॉर्न आणि ट्रुमेलबाख एका दिवसात कोंबू नका. माझं मत विचाराल तर ढगाळ दिवशी ट्रुमेलबाख, लख्ख दिवशी माथा.

लाउटरब्रुनेनला ओस्टची गाडी उभी असेल. आता डबा शोधायची गरज नाही, कुठल्याही डब्यात चढा आणि डोळे मिटा. त्स्वाइल्युटशिनेनला हलकासा धक्का बसेल, ग्रिंडेलवाल्डहून आलेली अर्धी गाडी पुन्हा जोडली जाते तेव्हाचा.